ब्रिटनमध्ये एमएससह राहताना

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उलटते. मग संदेश रेंगाळतात, कधी मध्येच अडतात. एका डोळ्याला अंधुक दिसणे, पायाला मुंग्या, तोल जाणे, लघवीची घाई अशी त्याची सुरुवात असते. आजार बहुधा विशी ते चाळिशीत उघड होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. शिक्षण, नोकरी किंवा लग्नासाठी परदेशी जाण्याचे वयही हेच. त्यामुळे नव्या देशात बस्तान बसत असतानाच निदान हाती पडू शकते.

विषुववृत्तापासून दूरच्या देशांत एमएसचे प्रमाण जास्त आढळते. ब्रिटनमध्ये सुमारे दीड लाख रुग्ण आहेत. साहजिकच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला, हा आजार परिचयाचा आहे. न्यूरॉलॉजिस्टची भेट वर्षाकाठी एखाददुसरी होते. अधल्यामधल्या शंकांसाठी असते ती एमएसची खास प्रशिक्षण घेतलेली नर्स. तिचा फोन नंबर हाताशी असणे हा रुग्णाचा मोठाच आधार. भारतातून गेलेल्यांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी आवर्जून पाहाव्या लागतात. एक म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा एमएससारखा दिसणारा वेगळा आजार. एमएसची काही औषधे त्यात अपाय करतात, म्हणून शंका असल्यास अॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात. दुसरी, शरीरात दबून राहिलेला क्षय. प्रतिकारशक्ती रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी तो आहे का, हे तपासणे शहाणपणाचे.

रोजच्या आयुष्यात सर्वांत छळतो तो थकवा. हा थकवा झोपेने भरून येत नाही आणि चेहऱ्यावर दिसतही नाही. म्हणून दिवसाच्या कामांची आधीच वाटणी करावी लागते. जड काम सकाळी, मध्ये पडून विश्रांती, ज्या दिवशी खरेदी त्या दिवशी घरी पाहुणे नाहीत. शरीराचे तापमान थोडे जरी चढले तरी जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले, आणि त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. कढत पाण्याची आंघोळ, ताप, शेगडीपुढे तासभर पोळ्या लाटणे, एवढेही पुरते. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत एसी नसतो, त्यामुळे तिथली उष्णतेची लाटही जाचते. थंडीत उलट पायांचा ताठरपणा वाढतो. ऊनच कमी, त्यामुळे शरद ऋतू आणि हिवाळ्यात सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे, असा तिथला सरकारी सल्ला आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सांगितले जाते. हे हाडांसाठी आहे. त्याने एमएस बरा होतो असे मानू नये.

नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले तर तो झटका असू शकतो. पण आधी संसर्ग, विशेषतः लघवीचा, नाही ना हे पाहतात. संसर्गानेही जुनी लक्षणे परततात आणि तिथे गरज प्रतिजैविकाची असते. खऱ्या झटक्यात सहसा पाच दिवस स्टेरॉइड देतात.

आजार लपवण्याची आपल्याकडची सवय ब्रिटनमध्ये फार महाग पडते. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यानुसार निदानाच्या दिवसापासूनच एमएस हे अपंगत्व मानले जाते. व्यक्ती धडधाकट चालत असली तरीही. कामाच्या वेळा बदलणे, घरून काम, पंख्याजवळची जागा असे वाजवी बदल मालकाकडे हक्काने मागता येतात. पण त्याला आजाराची कल्पनाच नसेल, तर हे बंधन त्याच्यावर येत नाही. वाहनपरवाना खात्याला तर निदान कळवणे सक्तीचेच आहे. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कळवले म्हणजे परवाना गेला असे नाही. बहुतेकांची गाडी चालूच राहते, परवान्याची मुदत तेवढी कधी कमी होते.

व्हिसाचा प्रश्न अधिक अवघड. कामाच्या व्हिसावरील प्रौढाला २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो भरला की एमएसची महागडी औषधेही एनएचएसमधून मिळतात. अपंगत्व भत्ता मात्र बहुतेक तात्पुरत्या व्हिसाधारकांना मिळत नाही. हात-पाय सर्वांत जास्त अडतात तेव्हाच पैशांचा आधार नसावा, हे अन्यायाचेच आहे. कामासाठीची खास साधने किंवा प्रवासखर्च देणारी ‘अॅक्सेस टू वर्क’ योजना या बंदीच्या यादीत नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

बाळंतपणात माणसांची उणीव भासते. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत झटके कमी होतात आणि प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. भारतातून आई किंवा सासूबाई येणार असतील, तर पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिनेच राहता येते. तो काळ प्रसूतीच्या आधी न संपवता नंतरच्या महिन्यांसाठी राखावा.

भारतातली सुट्टी औषधाच्या तारखा पाहून ठरते. ऑक्रेलिझुमॅब सहा महिन्यांनी शिरेतून देतात, त्यामुळे मधला काळ मोकळा असतो. नॅटालिझुमॅब सहसा चार आठवड्यांनी असते आणि ते लांबवल्यास आजार उसळू शकतो. तीन महिने माहेरी राहायचे तर त्याची सोय आधी लावावी लागते. ओफाटुमुमॅबसारखी घरी घ्यायची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. ती डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेतूनच न्यावीत. टायफॉइडची तोंडावाटे घ्यायची लस जिवंत जंतूंची असते, म्हणून अशा औषधांवर असताना इंजेक्शनची घेतात. मे महिन्याच्या लग्नसराईपेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा.

कायमचे परतणाऱ्यांनी एमआरआयच्या अहवालांबरोबर मूळ प्रतिमाही आणाव्यात. तुलना त्यांवरूनच होते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएस आहे. पण नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि मुख्य त्रास थकव्याचा असलेल्यांना ते मिळवणे कठीण जाते.