हृदयाचे वजन : प्राचीन इजिप्तचे देव आणि मआत

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि पशुमुखी देवतांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ही चित्रे पाहून ‘हे लोक प्राण्यांची पूजा करीत’ असा समज सहज होतो. तो पुरता खरा नाही. या देवतांच्या मागे एक खोल नीतिविचार उभा होता. तो समजून घ्यावा आणि त्यात सामान्य माणसाला कोणते स्थान होते तेही पाहावे, या हेतूने आम्ही हा लेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इजिप्त हा नाईल नदीचा देश. दरवर्षी उन्हाळ्यात नदीला पूर येई आणि तो ओसरल्यावर काठांवर काळी, सुपीक माती मागे राही. त्या मातीवरून तेथील लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत. पूर अपुरा आला तर दुष्काळ, अति आला तर विध्वंस. निसर्गावर एवढे अवलंबून असलेल्या माणसाने त्याच्या प्रत्येक शक्तीला रूप दिले. सूर्य म्हणजे रा. आकाशात उंच विहरणारा ससाणा हे होरसचे रूप. लेखन आणि गणनेचा देव थोथ याला लांब, वाकड्या चोचीच्या शराटी पक्ष्याचे मुख; रोगराई आणणारी आणि ती दूरही करणारी सेखमेत सिंहमुखी; तर मृतांचा रक्षक अनुबिस कोल्ह्याच्या मुखाचा. वाळवंटाच्या कडेला, थडग्यांच्या आसपास कोल्हे फिरत, त्यावरून ही कल्पना सुचली असावी. प्राण्याचे मुख ही त्या देवतेच्या गुणाची आणि सामर्थ्याची खूण होती.

या देवमंडळातील सर्वांत प्रिय कथा ओसायरिसची. राज्यलोभाने सेथने आपल्या भावाचा, ओसायरिसचा, वध केला. पत्नी इसिसने त्याचा देह शोधून काढला आणि पुत्र होरसला वाढविले. पुढे होरसने राज्य परत मिळविले व ओसायरिस मृतांच्या लोकाचा राजा आणि न्यायाधीश झाला.

मात्र या सर्व देवांना बांधून ठेवणारे तत्त्व निराळेच होते. त्याचे नाव मआत. सत्य, न्याय आणि विश्वाची सुव्यवस्था हे तिन्ही अर्थ या एका शब्दात सामावलेले आहेत. डोक्यावर शहामृगाचे पीस धारण केलेली देवी म्हणून तिचे चित्र काढीत. देवसुद्धा मआतवरच जगतात, अशी इजिप्शियनांची धारणा होती. मंदिरांच्या भिंतींवर राजा हातात मआतची लहानशी मूर्ती घेऊन ती देवांना अर्पण करताना दिसतो. राज्यात न्याय टिकविणे हे राजाचे पहिले कर्तव्य, हाच त्याचा अर्थ.

मरणानंतर माणसाची परीक्षाही याच मआतपुढे होई. तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात मआतचे पीस. अनुबिस काटा पाही, थोथ निकाल लिहून घेई. हृदय पापाने जड ठरले तर मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे अंग आणि पाणघोड्याचे मागचे अंग असलेली अम्मित ते गिळून टाकी. मृताला ओसायरिस आणि ४२ न्यायदेवता यांच्यासमोर आपली निर्दोषता सांगावी लागे. आपण कोणाला रडविले नाही, वजनमापात लबाडी केली नाही, लहान मुलांच्या तोंडचे दूध हिरावले नाही, वाहते पाणी अडविले नाही, असे त्याला म्हणावे लागे. पूजा-नैवेद्याविषयीच्या दोषांबरोबरच शेजाऱ्यावर केलेला अन्यायही येथे पाप म्हणून मोजला जात होता, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

पण या तराजूपर्यंत पोहोचत कोण होते? इ.स.पू. सुमारे २३५० मध्ये सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये परलोकाचे मंत्र कोरले गेले, ते केवळ राजासाठी. पुढे अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर असे मंत्र लिहिले जाऊ लागले. त्यानंतर इ.स.पू. सोळाव्या शतकापासून पपायरसच्या गुंडाळ्या प्रचारात आल्या. ज्याला मोल परवडे, तो त्या विकत घेई. ब्रिटिश म्युझियममधील अनी नावाच्या लेखनिकाची गुंडाळी सुमारे २४ मीटर लांब आहे. तिचे भाग आधीच लिहून तयार होते आणि नावासाठी सोडलेल्या जागा नंतर भरल्या गेल्या. एवढेच नव्हे, तर हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून शेणकिड्याच्या आकाराचा, मंत्र कोरलेला ताईत मृताच्या छातीवर ठेवीत. न्यायाचा आदर्श उच्च होता. पण धनवानाने त्यातूनही पळवाट काढली होती आणि ज्याच्याजवळ गुंडाळी नव्हती त्याचे नावही मागे उरले नाही.

तरीही मआतचा अर्थ केवळ धनवानांच्या हाती राहिला नाही. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या काळातील एक कथा ‘वाक्पटू शेतकरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. एक गरीब माणूस गाढवांवर माल लादून बाजाराला निघतो. वाटेत एक उर्मट माणूस युक्तीने त्याची गाढवे आणि माल बळकावतो. शेतकरी वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे नऊ वेळा गाऱ्हाणे मांडतो. मार खाऊनही तो मागे हटत नाही. मआतचे रक्षण करणे हेच तुमचे काम आहे, असे तो अधिकाऱ्याला ठणकावून सांगतो. राजाच्या आज्ञेने त्याचे बोलणे लिहून घेतले जाते आणि अखेर त्याला न्याय मिळतो. कथा काल्पनिक असेल. पण मआत हा दुर्बळाचा हक्क आहे, ही जाणीव त्या समाजात होती, याचा हा लेखी पुरावा होय.

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘तुरमय’ राजाचा उल्लेख येतो. तो इजिप्तचा दुसरा टॉलेमी. त्याच्या काळीही या देवतांची मंदिरे गजबजलेली होती. पुढे नवा धर्म आला, मंदिरे बंद पडली. फिले बेटावर इ.स. ३९४ मध्ये कोरलेला लेख हा चित्रलिपीतील आपल्याला ज्ञात असलेला अखेरचा लेख. त्यानंतर ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. १७९९ मध्ये सापडलेल्या रोझेटा शिलालेखाच्या आधारे फ्रेंच विद्वान शांपोलियाँ याने १८२२ मध्ये तिचा उलगडा केला, तेव्हा चौदाशे वर्षांचे मौन सुटले.

आज राजाचे मंत्र आणि त्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे, दोन्ही आपण वाचू शकतो, ते कोणीतरी लिहून ठेवले आणि कोणीतरी पुन्हा वाचायला शिकले म्हणून. मुलांसह ते तराजूचे चित्र पाहाल, तेव्हा त्या शेतकऱ्याची गोष्टही त्यांना अवश्य सांगावी, एवढी आमची वाचकांना विनंती आहे.