चाळिसांतला एक

श्रोतेहो, शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो. गुरुजी नाव पुकारतात, मूल 'हजर' म्हणते आणि गुरुजी पुढच्या नावाकडे वळतात. चाळीस मुलांच्या वर्गात हे काम चार-पाच मिनिटांत आटोपते. पण जरा विचार करून पाहा. कित्येक मुलांचे नाव दिवसभरात शाळेत तेवढ्या एकाच वेळी उच्चारले जाते. पुढे ते मूल वर्गात बसते, सगळ्यांच्या सुरात पाढे म्हणते, फळ्यावरचे वहीत उतरवून घेते आणि घंटा झाली की घरी जाते. हजेरीपटावर ते हजर असते. शिकण्याच्या कामी ते हजर होते की नव्हते, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

मी कॉलेजात शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एखादा प्रश्न टाकला, की सारा वर्ग खाली मान घालून बसतो. तास संपल्यावर दाराशी एखादा मुलगा हळूच येतो आणि म्हणतो, "सर, मला विचारायचं होतं, पण चुकलं तर सगळे हसतील." हा मुलगा अठरा वर्षांचा असतो. त्याची ही भीती कॉलेजात उपजलेली नसते. ती पहिली-दुसरीत रुजते आणि आमच्यापर्यंत येते तेव्हा तिचे झाड झालेले असते. म्हणून प्राथमिक शाळेविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. तिथे पेरलेले आम्ही कापतो.

प्राथमिक शाळेपुढे दोन कामे असतात. पहिले, प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरून पुढची पायरी चढवायची. दुसरे, त्याला चारचौघांत राहायला, वाटून घ्यायला, भांडण मिटवायला, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकवायचे. वरवर पाहता ही कामे एकमेकांच्या आड येतात असे वाटते. एकेकाकडे पाहावे तर वर्ग उधळतो; वर्ग सांभाळावा तर एकेकाकडे पाहायला सवड उरत नाही. पण खरोखर तसे आहे काय? या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या दादरहूनच खेड्याकडे गेले. ती हकिकत आधी सांगतो.

दादर स्टेशनच्या पूर्वेला हिंदू कॉलनी आहे. तिथे १९३६ साली ताराबाई मोडक यांनी शिशुविहार सुरू केला. ताराबाई १८९२ साली मुंबईला जन्मल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात या दोघांचा पुढाकार होता. गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास केला होता. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघाले होते. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी, जिन्यात आणि अंगणात हुंदडणारी पोरे, हेच तिथले विद्यार्थी. म्हणजे आमच्या परळ-लालबागच्या चाळीसारखेच ठिकाण म्हणा ना!

त्या पद्धतीतले सार थोडक्यात सांगायचे तर असे. मूल हाताने करते, तेव्हा शिकते. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. शिक्षकाने आधी मूल नीट पाहावे आणि मग बोलावे. आणि भीती असेल तिथे शिकणे होत नाही. शिशुविहारात हे प्रत्यक्षात आणले गेले आणि शिक्षिकाही तयार झाल्या. पण दादरमधली ही मुले बहुतेक मध्यमवर्गातली होती. घरी पुस्तके होती, आईवडील शिकलेले होते. खेड्यातल्या, रानातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ च्या डिसेंबरात त्या बोर्डीला गेल्या. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते; आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. केंद्र निघाले खरे, पण ज्यांच्यासाठी ते काढले ती वस्त्यांतली मुले येईनात. कोणाच्या काखेला धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे, कोणाला मुळी शाळा म्हणजे काय तेच ठाऊक नाही. आपण असतो तर काय म्हटले असते? "या लोकांना शिक्षणाची आवड नाही" असे म्हणून मोकळे झालो असतो. ताराबाईंनी आणि अनुताईंनी हिशेब उलटा मांडला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे. त्या साहित्य घेऊन वस्तीवर गेल्या आणि घरापुढच्या अंगणात मुले गोळा करून शिकवू लागल्या. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. ही अंगणवाडी. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचले.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले. जी गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळा कुरणावर गेली; तिचे नावच कुरणशाळा. महागडी साधने विकत घेण्याऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने झाली. चिंचोके मोजता मोजता बेरीज येते, पाने आकाराप्रमाणे लावता लावता लहान-मोठे कळते, हे तिथे दिसून आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी बहीणही शिकू शकली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. कोसबाडला त्याची वाट कितीतरी आधी चोखाळली गेली होती.

या हकिकतीतून मी एवढेच उचलतो. दादरचे मूल आणि कोसबाडचे मूल यांच्यासाठी साधने वेगळी लागली, जागा वेगळी लागली. पण शिक्षकाची नजर एकच लागली. 'हे मूल आज कुठे आहे?' हा त्या नजरेतला प्रश्न.

आता हाच प्रश्न तिसरी-चौथीच्या वर्गात विचारून पाहू. समजा एक मुलगा आहे. दुसरीत असताना त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले आणि तोही त्यांच्याबरोबर गेला. चार-पाच महिन्यांनी परत आला, तेव्हा वर्ग जोडाक्षरांवरून धड्यांवर गेला होता. आता तो काय करतो? सगळ्यांबरोबर ओठ हलवतो. शेजाऱ्याच्या वहीतले अक्षर चित्रासारखे उतरवतो. त्याची वही भरलेली दिसते. असे दोन वर्षे चालते. मग त्याला आपण 'ढ' म्हणतो आणि एक दिवस तो शाळेत यायचे बंद करतो. श्रोतेहो, त्याची पायरी चुकली होती एवढेच. बुद्धी कमी नव्हती. जिथे पायरी चुकली तिथे त्याला परत न्यायला कोणी आले नाही.

अशा मुलाला परत नेता येते, हे मुंबईतच दिसून आले आहे. 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना येते तिथून वाचन-गणित शिकवी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबई आणि बडोदा येथे त्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या दोघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते गरिबीविषयी असे प्रत्यक्ष प्रयोग करून पाहण्याच्या कामाबद्दल. ताराबाईंची वाट निराळी, ही वाट निराळी. पण धडा एकच. मुलाला त्याच्या इयत्तेवरून शिकवू नये, त्याला जे येते त्यावरून शिकवावे.

इथे माझे शिक्षक बंधुभगिनी म्हणतील, "प्राध्यापक महाशय, बोलायला सोपं आहे. आमच्याकडे दोन शिक्षक, चार इयत्ता, वर माहिती भरायची कागदपत्रे. एकेकाकडे बघणार कधी?" तक्रार खोटी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसणारच. तरी, या अडचणीतही करता येण्याजोग्या चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. रोज फक्त पाच मुले निवडावी आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे जवळ बसवून चार ओळी वाचायला, एखादे गणित करायला सांगावे. चाळीस मुले असतील तर शाळेच्या आठ दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. एका वहीत मुलागणिक एक पान ठेवावे आणि त्यावर गुण न लिहिता 'जोडाक्षर अडते', 'हातच्याची बेरीज येते' असे लिहावे. महिन्याभरात ती वही कोणत्याही प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त सांगू लागेल.

दुसरी गोष्ट. दिवसातला एक तास इयत्ता विसरून मुलांचे गट पाडावे. अक्षरे ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे. गोष्ट वाचणाऱ्याने शब्द वाचणाऱ्याला मदत करावी. शिकवणाऱ्याचे ज्ञान पक्के होते आणि शिकणाऱ्याला आपल्याच वयाच्या मुलापुढे चुकायची भीती कमी वाटते. इथेच पाहा, आपली दोन कामे एक झाली. एकेक मूल पुढे सरकले आणि त्याच वेळी एकमेकांना हात द्यायलाही शिकले. मात्र गट कायमचे ठेवू नयेत; नाही तर तेच पुढे 'ढ' मुलांचे बाक होतात.

तिसरी गोष्ट भाषेची. एखादे मूल धावत येऊन सांगते, "बाई, काल आमच्याकडं पावना आलता!" आणि बाई म्हणतात, "पाहुणे आले होते, असं म्हण." मूल पाहुण्याची बातमी सांगायला आले होते, त्याला व्याकरण मिळाले. दोनदा-तीनदा असे झाले, की ते सांगणेच बंद करते. आधी पाहुणा कोण, कुठून आला, काय घेऊन आला हे विचारावे. पुस्तकी भाषा त्याच गोष्टीतून पुढे आपोआप येते. घरची बोली हा मुलाचा पहिला आधार. तो काढून घेतला तर ते उभे कशावर राहणार?

चौथी गोष्ट कामाची आणि खेळाची. दुपारच्या जेवणाला सगळी मुले एका पंगतीत बसतात. वाढण्याची पाळी सर्वांना यावी. मुलगे आणि मुली दोघांना, वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्याही. पाणी भरणे, झाडांना घालणे, खडू-फळा सांभाळणे ही कामे आठवड्याने फिरती ठेवावी. वर्गात कधीच हात वर न करणारा मुलगा झाडांची जबाबदारी चोख पार पाडताना दिसेल, आणि गुरुजींनी ती चारचौघांत बोलून दाखवली की दुसऱ्या दिवशी तो पाढाही मोठ्याने म्हणेल. खो-खोत मुले आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतात, हरल्यावर चरफड गिळायला शिकतात. हे शिक्षण कोणत्याही धड्यात सापडत नाही.

आणि छडी? कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. पण कायदा नसता तरी मी तेच म्हटले असते. छडीने शांत झालेला वर्ग पुढे माझ्या कॉलेजात खाली मान घालून बसतो.

आता दोन शब्द आईवडिलांना. मूल घरी आले की "किती मार्क पडले?" हा प्रश्न आपल्या तोंडी पहिला येतो. त्याऐवजी "आज काय नवं कळलं? कोणाबरोबर खेळलास?" असे विचारून पाहावे. आपल्याला वाचता येत नसले तरी बिघडत नाही. मुलाने धडा वाचावा आणि आईने चुलीपाशी बसून ऐकावा, यात वाचणाऱ्याला जो हुरूप येतो तो शिकवणीच्या पैशांनी येत नाही. कामासाठी गाव सोडून जायचेच असेल, तर जाण्यापूर्वी गुरुजींना सांगून जावे, आणि परत आल्यावर "याचं कुठं राहिलं?" एवढे विचारावे. ती चुकलेली पायरी तिथेच सापडेल.

सरकारने शिक्षक द्यावेत, खोल्या द्याव्यात, कागदपत्रांचे ओझे कमी करावे; ही मागणी रास्तच आहे आणि ती करत राहावी. पण तोपर्यंत वर्गातले मूल थांबून राहत नाही. त्याचे सहावे-सातवे वर्ष एकदाच येते.

उद्या सकाळी हजेरी घ्याल तेव्हा, शिक्षकहो, नाव पुकारल्यावर क्षणभर मान वर करून त्या मुलाकडे पाहा. आजच्या पाचांत त्याचे नाव लिहून घ्या. चाळिसांपैकी पाच उद्या, पाच परवा. एवढे जमले, तरी पुष्कळ जमले असे मी म्हणेन.