लोखंड, अतिवाहकता आणि छत्तीसचा आकडा

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये सुपरकंडक्टिव्हिटी आपण सगळ्यांनीच 'पाठ' केलेली असते. १९११, कॅमरलिंग ओनेस, पारा, ४.२ केल्विन, रोध शून्य, पाच मार्क! त्याच धड्यात असतं की चुंबकीय क्षेत्र वाढवलं की अतिवाहकता मरते. कारण सरळ आहे. नेहमीच्या अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात, एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. लोखंडासारखा चुंबक दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतो आणि जोडी फुटते. थोडक्यात, दोघांचा छत्तीसचा आकडा.

नवे अतिवाहक शोधण्यात बर्न्ड मॅथायस यांचा हातखंडा होता. त्यांच्या नावावर काही नियम सांगितले जातात: ऑक्सिजनपासून लांब राहा, विद्युतरोधकांपासून लांब राहा, चुंबकत्वापासून लांब राहा (आणि थिअरीवाल्यांपासूनही!). पुढे तांब्याच्या ऑक्साइडांनी हे नियम खिळखिळे केलेच. पण मला ज्या पदार्थाबद्दल सांगायचंय, त्यात लोखंड, ऑक्साइड आणि विद्युतरोधक तिघेही एकत्र नांदतात.

२००८ साली टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटाला लोह आणि आर्सेनिक असलेल्या संयुगात २६ केल्विनला अतिवाहकता सापडली. त्याच वर्षी तैवानमध्ये लोह-सेलेनाइडचा नंबर लागला. रचना एकदम सोपी: लोहाच्या अणूंची चौकटी, वर-खाली सेलेनियम, आणि असे थर एकावर एक. पण तापमान फक्त ८ केल्विन. म्हणजे द्रवरूप हेलियमचा खर्च आलाच.

खरी गंमत २०१२ मध्ये झाली. बीजिंगच्या त्सिंघुआ विद्यापीठात श्वे छीखुन यांच्या गटानं अतिनिर्वातात या पदार्थाचा एकच थर, जेमतेम अर्धा नॅनोमीटर, स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर वाढवला. जोडी फोडायला लागणारी ऊर्जा, म्हणजे गॅप, जाड स्फटिकात सुमारे २ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इथे ती २० च्या आसपास निघाली! नंतरच्या मोजमापांत ही गॅप साधारण ६५ केल्विनपर्यंत टिकलेली दिसली. आणि याच थरावर दुसरा थर चढवला, तर त्या वरच्या थरात गॅप दिसतच नाही. म्हणजे जादू आहे ती खालच्या स्फटिकाला चिकटलेल्या थरात.

खालचा स्फटिक करतो काय? एक तर तो इलेक्ट्रॉन उसने देतो. हे महत्त्वाचं, कारण लोहाच्या अतिवाहकांत जोड्या जुळवतं कोण, याचं लोकप्रिय उत्तर आहे चुंबकत्वच! स्पिन रांगेत गोठले तर अतिवाहकता नाही. पण ते नुसते थरथरत राहिले तर तीच थरथर गोंदाचं काम करते. या चित्रात इलेक्ट्रॉन आणि होल, दोघांचेही कप्पे लागतात. उसन्या इलेक्ट्रॉनांनी एकाच थरात होलचे कप्पे बुजून जातात, तरी अतिवाहकता वाढतेच. थिअरीवाल्यांची इथे खरी पंचाईत झाली.

दुसरं काम ऑक्सिजनचं. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला या थराच्या इलेक्ट्रॉन-पट्ट्यांच्या सुमारे १०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली त्यांच्या फिकट 'झेरॉक्स' दिसल्या. त्यांचा अर्थ असा लावला गेला की खालच्या ऑक्सिजनची कंपनं वरच्या इलेक्ट्रॉनांना हात देताहेत. जाड फिल्मवर पोटॅशियम शिंपडून नुसते इलेक्ट्रॉन दिले, तर गाडी चाळिशीत अडकते. त्यावरची वाढ कंपनांची की आणखी कशाची, यावर भांडण चालू आहे. मला कंपनांची बाजू पटते, पण पैज लावणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ६५ हा आकडा गॅपचा आहे, शून्य रोधाचा नव्हे. हवेत हा थर खराब होतो. लोह-टेल्युराइडचं झाकण घालून बाहेर काढलेल्या नमुन्यात रोध ४० केल्विनच्या वर घसरायला लागला आणि शून्य झाला तो २३ च्या जवळपास. निर्वातातच चार सुया टेकवून १०० केल्विनच्या वरचा दावाही झाला होता, पण तो सर्वमान्य झालेला नाही. तो खरा ठरला असता तर ७७ केल्विनचा स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरला असता.