मोटारीचे नाक

दिवाळीत घरोघर दिवे लागतात आणि ते पाहून मन प्रसन्न होते. पण मोटार असलेल्या घरात एक दिवा असा असतो, की तो लागला म्हणजे ऐन दिवाळीत शिमगा सुरू व्हावा! स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या आकृतीचा तो पिवळा दिवा उजळला, की घरधन्याचा हात आपोआप खिशाकडे जातो.

आमचे गाव गडब. पेणहून गोव्याच्या रस्त्याने निघालात, की वडखळ सोडल्यावर नागोठण्याच्या अलीकडे ते लागते. आमची पेट्रोलवरची मोटार २०१४ सालची. म्हणजे मोटारींच्या हिशेबाने पेन्शनीला टेकलेली. पण तिच्यावाचून आमचे चालत नाही. वडिलांना दम्याचा जुना विकार, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना पेणला डॉक्टरांकडे न्यावे लागते. अशात भातकापणीच्या दिवसांत तो पिवळा दिवा लागला, आणि पेट्रोलही जास्त जळू लागले.

एका गॅरेजवाल्याने गाडी पाहिली न पाहिली तोच निकाल दिला, "दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले, साहेब. त्यापेक्षा सायलेन्सरमधली जाळीच काढून टाकू आणि दिव्याची वायर तोडू. कटकट मिटेल!"

हे घरी सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बाबांना त्रास होतो म्हणून मी अंगणात पालापाचोळासुद्धा जाळू देत नाही. आणि हे विष रोज दारात सोडायचे होय?"

प्रश्न बिनतोड होता. ही जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी किंवा कमी घातक वायूंत रूपांतर करणे हे तिचे काम. पण एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळले तरच ती तिन्हींचा नीट समाचार घेते. ते प्रमाण हुंगून सांगणारे मोटारीचे नाक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाची चिनीमातीसारखी वस्तू असते. तिच्या एका अंगाला इंजिनाचा धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोहोंतल्या ऑक्सिजनच्या फरकाने किंचित वीज उत्पन्न होते. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, तर सुमारे ०.९ व्होल्ट, उलट झाले तर सुमारे ०.१ व्होल्ट. हे पाहून गाडीतला संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. बॉशने बनविलेले हे नाक १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारींत प्रथम बसले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. कारण शिशाने कन्व्हर्टरही मरतो आणि सेन्सरही.

हे नाक सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज काम करीत नाही. ते लवकर तापावे म्हणून आत चिमुकला हीटर असतो. माझ्या पुतण्याने स्कॅनर जोडला तेव्हा पी ०१३५ हा आकडा आला. त्याचा अर्थ, पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष.

"काका, आकडा फक्त गल्ली सांगतो, घर आपणच शोधायचे," पुतण्या म्हणाला. ते खरेच आहे. फ्यूज उडाला असेल, वायर तुटली असेल, किंवा कापणीनंतर शेतातून आलेल्या उंदरांनी ती कुरतडली असेल, तरी आकडा तोच येतो. आम्ही फ्यूज पाहिला, वायर पाहिली, दोन्ही ठीक. मग सेन्सरचा कपलर सोडून हीटरच्या दोन वायरींवर मीटर धरला. चांगल्या हीटरला थोडेच ओहम दाखवावयास हवेत. आमच्या मीटरने वीज वाहतच नसल्याचे सांगितले. म्हणजे गेला तो एकच सेन्सर, पुढचा. मागचा कन्व्हर्टरच्या कामावर लक्ष ठेवीत स्वस्थ बसला होता. त्याला कशाला हात लावा?

आता खरी कसोटी. धरमतरच्या खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, आणि जुना सेन्सर आट्यांत गच्च धरलेला असतो. जोर केला आणि आटे गेले, तर स्वस्तातले काम महागात पडते. म्हणून आदल्या संध्याकाळी गंज सोडविणारे तेल फवारून ठेवले. सकाळी अंगणात, उघड्यावर, इंजिन थोडा वेळ चालवून कोमट केले आणि बंद केले. बंद शेडमध्ये इंजिन चालविणे म्हणजे प्राणाशी खेळ. बॅटरीची ऋण वायर सोडली, चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकविली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नये. मग वायर जाण्यासाठी चीर असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावून हळूहळू रेटा दिला. तीन वेळा तेल, तीन वेळा विसावा, आणि चौथ्या वेळी 'कट्' असा आवाज होऊन सेन्सर फिरला!

नवा सेन्सर गाडीच्या मॉडेलचा क्रमांक जुळवूनच आणला होता. त्याच्या टोकाला बोट लावू नये, तेलग्रीस लागू देऊ नये. आट्यांवर कंपनीचा लेप असतो; तो नसेल तर आटे न धरण्याची खास पेस्ट फक्त आट्यांनाच लावावी. आधी हाताने फिरवून, मग माहितीपुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळावा. वायर तापणाऱ्या नळीपासून दूर बांधावी.

कपलर जोडला, बॅटरी लावली, स्कॅनरवरून जुना आकडा पुसला. नागोठण्यापर्यंत फेरी मारून आलो. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पी.यू.सी. केंद्रावर धूर तपासला. तोही मर्यादेत निघाला.

वाचकहो, प्रत्येकाने पाना हाती घ्यावा असे माझे म्हणणे नाही. सेन्सर गंजून हटेनासा झाला, तर तो जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावा. पण त्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: आकडा कोणता आला, आणि सेन्सरच गेला हे मीटरवर पाहिले का? आणि जाळी काढण्याची गोष्ट कोणी काढली, तर घरात दम लागणारे कोणी आहे का, हे आठवून उत्तर द्यावे.