आनूप देशातील डोंगरवाटा : अंदमानास जाणाऱ्या रुग्णास काय सांगावे?

पलूस, किर्लोस्करवाडी, भिलवडी या पट्ट्यातून अंदमानास जाणाऱ्यांची वर्दळ आता नवी राहिलेली नाही. ज्या सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली नेले गेले, त्याचे दर्शन हा या प्रवासाचा मूळ हेतू. परंतु त्यास आता जंगलवाटा व डोंगरचढाई यांची जोड मिळाली आहे. निघण्यापूर्वी ही मंडळी 'काही औषध बरोबर द्या' म्हणून दवाखान्यात येतात आणि आपण पुष्कळदा पाचक चूर्णाची पुडी बांधून मोकळे होतो. प्रवाशाचा देश बदलतो आहे, हा विचार त्या पुडीत नसतो.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल देश वातपित्तबहुल व आनूप देश कफवातप्रधान सांगितला आहे. आपली कृष्णाकाठची शिवारे उसाची असली तरी हवा कोरडी आहे, आणि तासगावकडे सरकावे तसे जांगल देशाचे लक्षण अधिकच उघड होते. याउलट अंदमानात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, चोहोबाजूंस समुद्र व मध्ये दाट सदाहरित अरण्य. आनूप देशाचे याहून ठळक उदाहरण भारतात शोधूनही क्वचितच मिळेल. आणि विमानामुळे हे देशांतर एका दिवसात घडते. सात्म्य होण्यास अवधीच मिळत नाही. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही उष्ण-दमट हवेशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस सांगते.

श्रीविजयपुरमनजीकचा (२०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर) माउंट मणिपूर ३८३ मीटर उंच आहे. २०२१ पूर्वी त्याचे नाव माउंट हॅरिएट होते. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ सॅडल पीक ७३२ मीटर. मच्छिंद्रगड सहज चढणाऱ्या तरुणास हे आकडे किरकोळ वाटतात. पण पलूस गावच समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, तर सॅडल पीकची वाट किनाऱ्यावरून सुरू होते, म्हणजे चढण सबंध चढावी लागते. अंतर एका बाजूस सुमारे आठ किलोमीटर. शिवाय अंदमान आपल्यापासून अठरा अंश पूर्वेस असून घड्याळ मात्र तेच आहे. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ पाहून 'अजून दोन तास आहेत' म्हणणारा प्रवासी अरण्यातच अंधारात सापडतो.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा नियम आपण सर्वजण शिकलो. अर्धशक्ती ओळखण्यासाठी कपाळ, नाक, काख येथे येणारा घाम हे लक्षण आपण रुग्णास सांगतो. आनूप देशात ते फसते, कारण तेथे बसल्या जागी घाम येतो. तेथे सुश्रुतोक्त लक्षणच ग्राह्य धरावे : हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला की थांबावे. व्यवहारात, सोबत्याशी सलग बोलता येईनासे झाले की विसावा घ्यावा. घाम बाष्प होऊन उडाला तरच अंग निवते. दमट हवेत तो नुसता ओघळतो, पाणी व लवण जाते आणि उष्मा आतच राहतो.

येथेच खरा धोका आहे. श्रमजन्य उष्माघातात त्वचा कोरडीच असेल असे नाही. ती घामाने चिंब असू शकते. चालणारा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तापमापकाची वाट न पाहता सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, मिळेल त्या थंड पाण्याने सर्वांग भिजवीत वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात गुलकंद वा प्रवाळ घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यास ज्यांनी त्या दिल्या त्यांच्याकडे आधी पाठवावे. निघण्यापूर्वी पंधरा दिवस सागरेश्वरच्या चढावर पाठीवर पिशवी घेऊन चालावे, आणि अंदमानात पहिले दोन दिवस मोठी चढाई ठेवू नये, इतके तरी प्रत्येकास सांगावे.

शहाळ्याचे पाणी शीत व तृष्णाहर खरे, पण त्यात पोटॅशियम भरपूर व सोडियम अल्प असते. घामातून जाणारे लवण त्याने भरून येत नाही, आणि वृक्करुग्णास ते अपायकारकही ठरते. नुसते पाणी लिटरमागून लिटर पिणेही बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनविलेली क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घ्यावी. दुकानदार बंधूंनी ध्यानात ठेवावे की त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुना साठा त्या नावाने देऊ नये.

औषधपेटीविषयी थोडेसे. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिने सांगितले आहे. लवणभास्करासारखे आर्द्रताशोषक चूर्ण अंदमानात कागदी पुडीत दोन दिवसही टिकणार नाही. त्याचा गोळा होतो. वटी द्यावी, आणि चूर्णच हवे असल्यास घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत. बोटीतील मळमळीस आलेपाक पुरेसा, मात्र बोटीत चढण्याआधी घ्यावा. जळू लागल्यास भिण्याचे कारण नाही. जलौकावचारण करणाऱ्या वैद्याने तरी रुग्णास हे हसत सांगावे! ओढून काढू नये, नखाने तिचे मुख अलगद सोडवावे.

परतीनंतरचा ज्वर हा विषय मात्र हसण्याचा नाही. दिगलीपूर भागात १९८८ पासून पावसाळ्याअखेर येणारा, कफातून रक्त पडणारा ताप 'अंदमान रक्तस्रावी ज्वर' म्हणून ओळखला जाई. पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचे सिद्ध झाले. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित पाणी वा चिखल यांतून, त्वचेवरील ओरखड्यावाटे तो शिरतो. सॅडल पीकच्या वाटेवर ओढे आहेत, पायांना ओरखडे उठतातच. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, म्हणजे रुग्ण तोवर पलूसला परतलेला असतो व आपल्यासमोर बसलेला असतो. पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल, पुढे कामला वा मूत्राल्पता असल्यास त्रिभुवनकीर्तीवर दिवस काढू नयेत. हिवतापाची तपासणीही त्याच दिवशी करावी. रुग्णालयास चिठ्ठी देताना 'ताप, तीन दिवस' एवढेच न लिहिता कोणत्या बेटावर गेला, ओढ्यातून वा चिखलातून चालला काय, आणि कोणत्या तारखेस परतला, हेही लिहावे.