मोडलेले हाड आणि ध्वनिलहरींचे मशीन



गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून गव्हाणीपर्यंत माणसांची आणि वाहनांची धावपळ वाढते. कोणी ट्रॉलीवरून पडतो, कोणाचा पाय बैलगाडीखाली सापडतो, रात्री उभ्या ट्रॅक्टरवर मोटारसायकल आदळते. घरचा कर्ता माणूस महिनोन् महिने खाटेवर पडून राहतो. अशा वेळी ‘एक मशीन आहे, रोज वीस मिनिटे लावा, हाड लवकर जुळेल’ असे कोणी सांगितले, तर उसाच्या बिलाचे पैसे त्यात घालण्यापूर्वी त्या मशीनची माहिती हवी. म्हणून हा लेख.

हाड जुळते कसे?

हाड मोडले की तेथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ कुर्चा धरते. पुढे तिच्यात कॅल्शियम भरून ती घट्ट होते. मोठ्या माणसाच्या नडगीला साधारण तीन ते पाच महिने लागतात. जुळण्याचे काम शरीरच करते. डॉक्टर हाड सरळ बसवतात आणि प्लॅस्टर, सळई किंवा पट्टीने ते हलू देत नाहीत. लावलेले बेणे रोज उकरून पाहिले तर कोंब धरेल का? हाडाचेही तसेच आहे.

मशीन काय करते?

सेकंदाला २० हजारांपेक्षा जास्त कंपनांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. सोनोग्राफी अशाच आवाजावर चालते. हाडाच्या मशीनमध्ये सेकंदाला १५ लाख कंपने असतात, पण जोर अगदी कमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट. कंबरदुखीवर मशीनने जो ‘शेक’ देतात, त्याचा जोर याच्या तीसपट किंवा त्याहून जास्त असू शकतो. त्यामुळे या मशीनची ऊब जाणवत नाही. मोडलेल्या जागेवर जेल लावून ते रोज २० मिनिटे धरायचे, एवढेच.

हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते, हे जपानच्या फुकादा आणि यासुदा या शास्त्रज्ञांनी १९५७ साली दाखवले. ब्राझीलच्या दुआर्ते यांनी हाडाच्या वाढीवर ध्वनिलहरींचे प्रयोग करून ते १९८३ साली प्रसिद्ध केले. लहरींच्या बारीक धक्क्यांनी हाडाच्या पेशी कामाला लागतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण प्रयोगशाळा वेगळी आणि माणसाचा पाय वेगळा.

अनुभव काय सांगतो?

नवे खत खरेच चांगले आहे का, हे आपण कसे ठरवतो? एका सरीला खत घालायचे, शेजारची तशीच ठेवायची आणि वजन करायचे. डॉक्टरांनीही तेच केले. काही रोग्यांना चालू मशीन दिले, काहींना दिसायला तसेच पण लहरी न सोडणारे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत नडगीची ६७ हाडे होती. मशीन लावलेली सरासरी ९६ दिवसांत जुळली, न लावलेली १५४ दिवसांत. त्याच वर्षी तेथील शासनाने परवानगी दिली. पुढे २००० साली न जुळणाऱ्या हाडांसाठीही दिली.

पण २०१६ साली अमेरिका व कॅनडातील ५०१ रोग्यांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. सर्वांच्या नडगीत ऑपरेशन करून सळई बसवलेली होती. मशीन लावलेले आणि न लावलेले, दोघांत फरक निघाला नाही. कामावर परतणेही तेवढेच, एक्स-रेही तसाच. म्हणून २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ताज्या मोडीवर हे मशीन वापरू नये असा सल्ला दिला.

नऊ-नऊ महिने न जुळलेल्या हाडांचा प्रश्न वेगळा. मशीन लावल्यावर अशी बरीच हाडे जुळल्याचे अहवाल आहेत. पण बहुतेकांत शेजारची कोरी सरीच नव्हती. ऑपरेशन सोसणार नाही अशा रोग्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. मात्र हाडाच्या टोकांत मोठी फट असेल, ती हलत असतील किंवा आत पू असेल, तर आधी तो इलाज हवा.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे जखमी झाली, कित्येकांचे हातपाय मोडले. तेव्हा अमेरिकेतही या मशीनला परवानगी मिळालेली नव्हती. जी हाडे सांधली, ती नीट बसवल्याने आणि शरीराच्या बळावर सांधली.

आपण काय करावे?

पहिल्याच दिवशी एक्स-रे काढा. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आपल्या जवळ आहेत. कामट्या करकचून बांधू नका. बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, तर बांधलेले लगेच सैल करून दवाखाना गाठा. उशीर झाला तर हातपाय गमावण्याची वेळ येते. बिडी-सिगारेट बंद करा, तिने हाड जुळायला उशीर लागतो. साखरेचा आजार असेल तर तो आटोक्यात ठेवा. डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या.

आणि तोडणी मजुराचा पाय मोडला, तर उचल फिटायची आहे म्हणून प्लॅस्टर लवकर कापून त्याला फडात उभे करू नका. त्याला पुरते तीन-चार महिने मिळाले, तर तो पुन्हा कोयता धरील. त्या विसाव्याची जागा कोणतेही मशीन घेऊ शकत नाही.