धावपट्टीने घडवलेली विमानं

इल्युशिन-७६ या मालवाहू विमानाला वीस चाकं असतात. चार नाकाखाली, सोळा पोटाखाली. त्याच कामासाठी त्याच सुमाराला अमेरिकेत उडणाऱ्या स्टारलिफ्टरला दहा होती. चाकं वाढली की विमानाचा भार जमिनीवर पसरतो आणि काँक्रीट नसलेल्या, उन्हाळ्यात चिखलाच्या नि हिवाळ्यात बर्फाच्या पट्टीवरही ते रुतत नाही. शिवाय टायरमधली हवा उडता उडता कमी-जास्त करण्याची सोय आहे. खाली कसली जमीन वाट पाहते आहे, त्याप्रमाणे वैमानिक ती ठरवतो. रशियन विमानांबद्दल बोलताना लोक आधी वेगाबद्दल, आकाराबद्दल आणि अपघातांबद्दल बोलतात. मला मात्र नेहमी वाटत आलं आहे, की ही विमानं समजून घ्यायची तर आधी त्यांच्या चाकांकडे पाहावं.

देशच तसा होता. अकरा कालविभाग, सायबेरियात रस्ते जवळपास नाहीत, याकुतियात हिवाळ्यात उणे पन्नास अंश. गावोगावी पोचायचं तर विमानाशिवाय इलाज नव्हता, पण प्रत्येक गावाला पक्की धावपट्टी बांधून देणंही शक्य नव्हतं. विमान बनवणारं सरकार, उडवणारं सरकार, इंधनाचं बिल भरणारंही सरकारच. एरोफ्लोट ही एकच कंपनी साऱ्या देशाची वाहतूक पाहत होती. त्यामुळे तुपोलेव्ह, इल्युशिन, अँतोनोव्ह, याकोव्हलेव्ह यांच्या संकल्पन कार्यालयांपुढचा प्रश्न ‘तिकीट परवडेल का’ हा कधीच नव्हता. ‘तिथे उतरता येईल का’ हा होता. आपण सवयीने या सगळ्यांना ‘रशियन’ म्हणतो, पण ‘सोव्हिएत’ म्हणणं जास्त खरं. अँतोनोव्हचं कार्यालय १९५२ पासून कीव्हमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, आणि इल्युशिन-७६ वर्षानुवर्षं बनलं ते उझबेकिस्तानातल्या ताश्कंदला.

जग जेट इंजिनाच्या मागे धावत असताना, १९४७ साली, ओलेग अँतोनोव्ह यांनी दुहेरी पंखांचं, एका इंजिनाचं, कापड मढवलेल्या पंखांचं विमान उडवलं. अँतोनोव्ह-२ हे त्याचं नाव. त्या काळीही ते जुनाट दिसत होतं. पण कुरणातून उडावं, नदीकाठी उतरावं, चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून बर्फावर जावं, पिकांवर फवारणी करावी, रुग्ण आणावा, टपाल न्यावं, हे सगळं त्याने केलं. अठरा हजारांहून अधिक बनली, त्यांतली बहुसंख्य पोलंडमध्ये. माझ्या मते सोव्हिएत विमानविद्येतलं हे सर्वांत प्रामाणिक काम आहे.

प्रवासी जेटची कथा थोडी वेगळी. १९५४ मध्ये ब्रिटिशांची कॉमेट विमानं अपघातांमुळे जमिनीवर आली, आणि सप्टेंबर १९५६ मध्ये तुपोलेव्ह-१०४ मॉस्को-ओम्स्क-इर्कुत्स्क मार्गावर धावू लागलं. पुढची दोन वर्षं नियमित प्रवासी सेवेतलं जगातलं ते एकमेव जेट. पंख, इंजिनं, शेपूट, सगळं तुपोलेव्ह-१६ या बॉम्बफेकी विमानावरून घेतलेलं. नाकाला काच होती आणि काचेमागे नॅव्हिगेटर बसत असे. ब्रेक पुरत नसत, म्हणून उतरल्यावर शेपटीतून पॅराशूट सोडायचं. आत मात्र जड पडदे आणि लाकडी नक्षी, जुन्या आगगाडीच्या पहिल्या वर्गासारखी बैठक. इर्कुत्स्कचा प्रवास जवळजवळ निम्म्यावर आला.

या घाईची किंमतही मोजावी लागली. १७ ऑक्टोबर १९५८ रोजी कानाश गावाजवळ एक तुपोलेव्ह-१०४ प्रचंड ऊर्ध्व प्रवाहात सापडलं, त्याच्या मर्यादेपलीकडच्या उंचीवर फेकलं गेलं आणि तिथून कोसळलं. कॅप्टन हॅरोल्ड कुझनेत्सोव्ह शेवटपर्यंत रेडिओवरून विमान कसं वागतं आहे ते सांगत राहिले. ऐंशीच्या ऐंशी जण गेले, पण त्यांच्या त्या बोलण्यामुळे दोष कळला आणि शेपटीची रचना बदलली गेली. ज्यांच्यामुळे नंतरची विमानं वाचली त्या माणसांच्या यादीत हे नाव फार वर असायला हवं.

मग आलं तुपोलेव्ह-११४. तेही बॉम्बफेकी विमानाचंच भावंड. चार इंजिनं, प्रत्येकावर एकमेकांविरुद्ध दिशेने फिरणारे दोन प्रोपेलर, आणि वेग जेटच्या जवळ जाणारा. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह याच विमानाने मॉस्कोहून न थांबता वॉशिंग्टनला गेले. विमान इतकं उंच होतं, की अमेरिकनांचा जिना दारापर्यंत पोचेना. याच एनके-१२ इंजिनांवर पुढे तुपोलेव्ह-१४२ ही सागरी टेहळणी विमानं उडाली. आपल्या नौदलाने ती १९८८ पासून गोव्याच्या दाबोळीवर ठेवली होती, नंतर ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली.

दाबोळीशी आणखी जवळचं नातं इल्युशिन-१८ चं. १९५७ साली पहिल्यांदा उडालेलं हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान त्या पिढीतलं सर्वांत भरवशाचं. त्याच्यावरून बेतलेलं इल्युशिन-३८ नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये १९७७ साली गोव्यात आलं आणि थेट ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत तिथून अरबी समुद्रावर पाणबुड्या शोधत राहिलं. स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, १ ऑक्टोबर २००२ ला, त्यांतली दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे गेले. तरी स्क्वाड्रन थांबलं नाही, उरलेली विमानं आणखी एकवीस वर्षं उडाली.

इल्युशिन-१८ चं एआय-२० हे इंजिन एका माणसाच्या नोकरीपेक्षा जास्त काळ आपल्याकडे राबलं आहे. अँतोनोव्ह-१२ वर तेच होतं. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध सुरू असताना याच अँतोनोव्ह-१२ मधून चंडीगडहून एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला नेले गेले. चुशूलची उंची सुमारे १४ हजार फूट. तिथली हवा इतकी विरळ, की इंजिनाची ताकद घटते आणि पंखांना उचल कमी मिळते. अशा जागी रणगाडा पोटात घेऊन मातीच्या पट्टीवर उतरायचं. १९७१ मध्ये याच मालवाहू विमानांतून बॉम्बही टाकले गेले, पाकिस्तानातल्या चंगा मंगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर. आणि ७ फेब्रुवारी १९६८ ला लेहहून परत फिरलेलं एक अँतोनोव्ह-१२ एकशे दोन जणांसह हिमाचलच्या बर्फात नाहीसं झालं. त्याचे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना सापडले. २०२४ मध्येही हिमनदीतून चार जवानांचे देह निघाले. छप्पन्न वर्षांनी घरी आले ते.

अँतोनोव्ह-३२ तर भारतीय हवाई दलाची गरज डोळ्यांपुढे ठेवूनच घडलं. मूळचं अँतोनोव्ह-२६ घेतलं, त्याची इंजिनं काढली आणि जास्त ताकदीची एआय-२० बसवली. त्यांचे प्रोपेलर एवढे मोठे, की इंजिनं पंखाच्या वर चढवावी लागली. बाजूने पाहिलं तर ते बेढब वाटतं. पण त्या उंचीमुळे पट्टीवरचे खडे प्रोपेलरपर्यंत पोचत नाहीत आणि उष्ण, विरळ हवेत लागणारी जादा ताकद हाताशी राहते. १९८४ पासून ही विमानं येऊ लागली. ३१ मे २००८ रोजी त्यांतलं एक दौलत बेग ओल्डीला उतरलं. १६ हजार फुटांच्या वर, कच्ची पट्टी, आणि त्याआधी त्रेचाळीस वर्षं तिथे विमानाचं चाक टेकलेलं नव्हतं. माझ्यासाठी ख्रुश्चेव्हच्या वॉशिंग्टन-भेटीपेक्षा ही घटना कितीतरी मोठी आहे.

१९८५ मध्ये इल्युशिन-७६ ‘गजराज’ या नावाने आपल्याकडे आलं. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेल्या गजराजांनी मालदीवच्या हुलहुले बेटावरच्या धावपट्टीवर छत्रीधारी सैनिक उतरवले आणि तिथला सत्तापालटाचा डाव फसला.

प्रवासी विमानांत खऱ्या अर्थाने लोकांचं झालं ते तुपोलेव्ह-१५४. तीन इंजिनं मागे, आणि मुख्य पायांना प्रत्येकी सहा चाकं. १९७२ पासून ते प्रवासी वाहू लागलं. सुमारे हजार बनली. इंधन भरमसाट खाणारं, गोंगाटाचं, पण कणखर. किती कणखर, ते ७ सप्टेंबर २०१० ला दिसलं. पोल्यार्नीहून मॉस्कोला चाललेल्या अशा एका विमानाची सगळी वीज हवेतच गेली. दिशादर्शन बंद, रेडिओ बंद, इंधनाचे पंप बंद. पंपाशिवाय इंजिनांना मिळेल एवढं इंधन अर्ध्या तासाचं. ढगांत विमान सरळ आहे की कलतं आहे, हे वैमानिकांनी पेल्यातल्या पाण्याच्या पातळीवरून पाहिलं. ढगांखाली आले तर खाली जंगल, आणि जंगलात एक पट्टी. कोमी प्रांतातलं इझ्मा हे बंद पडलेलं विमानतळ. लांबी जेमतेम १३२५ मीटर, आणि नकाशावर ते आता फक्त हेलिकॉप्टरसाठी. तिथले जुने प्रमुख सेर्गेई सोत्निकोव्ह यांनी मात्र, कोणी सांगितलेलं नसताना, वर्षानुवर्षं ती पट्टी झुडपं काढून साफ ठेवली होती. फ्लॅप उघडत नसल्याने विमान नेहमीपेक्षा फार वेगाने टेकलं, पट्टी संपली तरी पळत राहिलं आणि कोवळ्या झाडांत घुसून थांबलं. एक्याऐंशी माणसं स्वतःच्या पायांनी खाली उतरली. पुढच्या वर्षी त्याच पट्टीवरून ते विमान दुरुस्त होऊन उडालं आणि पुन्हा प्रवासी नेऊ लागलं.

तुपोलेव्ह-१४४ बद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ते या परंपरेतलं नव्हे. कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी, ३१ डिसेंबर १९६८ ला ते उडालं. १९७३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कोसळलं. मॉस्को-अल्माअता मार्गावर प्रवाशांसह पंचावन्न फेऱ्या झाल्या आणि १९७८ मध्ये बंद पडलं. ते प्रतिष्ठेसाठी केलेलं विमान होतं.

त्यापेक्षा इल्युशिन-८६ मला विचार करण्याजोगं वाटतं. सोव्हिएत संघाचं हे पहिलं रुंद धडाचं विमान, १९८० मध्ये सेवेत आलं. छोट्या विमानतळांवर सामानाची यंत्रणा नसते हे धरून चाललेलं, म्हणून प्रवासी खालच्या मजल्यावरून चढत, आपली बॅग तिथेच ठेवत आणि आतल्या जिन्याने वर जागेवर जात. प्रवासी वाहत असताना या विमानाच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नाही. पण इंजिनं इतकी तहानलेली, की लांबचा पल्ला त्याला कधी जमला नाही.

इंधनाचा तोच प्रश्न १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपल्यानंतर सगळ्यांना भोवला. सरकारी तिजोरी गेली, इंधन बाजारभावाने घ्यावं लागलं, आवाजाच्या नियमांनी युरोपची दारं बंद केली. एरोफ्लोटपासून फुटलेल्या कंपन्यांना भाड्याची बोइंग आणि एअरबस स्वस्त पडू लागली. इल्युशिन-९६ आणि तुपोलेव्ह-२०४ ही नवी विमानं चांगली होती, पण आली ती नेमकी गिऱ्हाईक संपलं तेव्हा. मालवाहू विमानांना हा फटका कमी बसला. खराब पट्टीवर अवजड माल पोचवायचा तर इल्युशिन-७६ ला सहज पर्याय नव्हता. २०१२ पासून उल्यानोव्स्कला त्याची नवी आवृत्ती उडते आहे.

सुखोई सुपरजेटने २००८ मध्ये उलटा रस्ता धरला. फ्रेंच भागीदारीचं इंजिन, परदेशी सुटे भाग, जगाला विकायचं स्वप्न. २०२२ च्या युद्धानंतरच्या निर्बंधांनी ते भागच थांबले. आता तेच विमान पीडी-८ या रशियन इंजिनासह आणि देशी भागांसह पुन्हा घडवलं जातं आहे. एमसी-२१ या प्रवासी विमानाचंही तसंच चाललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने हे सुपरजेट भारतात बनवण्यासाठी मॉस्कोत सामंजस्य करार केला. करारावर सही करण्याआधी असो वा नंतर, आपल्या अभियंत्यांनी पीडी-८ चा तासाचा इंधनखर्च आणि दोन दुरुस्त्यांमधले तास, हे दोन आकडे हातात घेऊनच पुढे जावं. दौलत बेग ओल्डीला इंधनाचा भाव कोणी विचारत नाही, पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला तो रोज विचारला जाणार आहे.